पाळण्याचा दाखला तिकीट खिडकीवर लावा

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातल्या यात्रा-जत्रांत पाळण्यांना परवानगी देणारे सर्व अधिकारी आणि यात्रा कमिट्यांचे पदाधिकारी यांस,

स.न.वि.वि.

संक्रांत जवळ आली की होम मैदानाकडे पाय आपोआप वळतात. ट्रकमधून लोखंड उतरत असतं, आकाशपाळण्याचे आरे जमिनीवर पसरलेले असतात, जनरेटरची गाडी कुठे लावायची यावरून हाका चाललेल्या असतात. सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांची ६८ लिंगांना प्रदक्षिणा, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम आणि त्यानंतर कितीतरी दिवस चालणारी जत्रा, म्हणजेच गड्डा. वडिलांच्या खांद्यावर बसून मी हे बघायला लागलो, आता नातवाला नेतो. म्हणून आधीच सांगतो, हे पत्र गड्ड्याच्या किंवा कुठल्याही जत्रेच्या विरोधात नाही. ज्या अपघाताबद्दल मी लिहितो आहे तो गड्ड्यावर झालेला नाही. पण पाळणेवाले एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत फिरत असतात, आणि परवानगीची पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकानं तीच असते. त्यामुळे पत्र तुम्हा सगळ्यांना.

मी आयुष्यभर फिटरचं काम केलं. आधी गिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर एमआयडीसीत, यंत्रमागाच्या कारखान्यात. मशीन कशामुळे तुटतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

गेल्या वर्षी चैत्रात जिल्ह्यातल्या एका गावच्या जत्रेला आम्ही घरचे सगळे गेलो होतो. दावा चालू आहे म्हणून गावाचं, कमिटीचं, पाळणेवाल्याचं नाव इथे लिहीत नाही. माझी पुतणी बावीस वर्षांची. ती आणि तिची मैत्रीण ब्रेक डान्समध्ये बसल्या. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: खाली एक मोठी चकती फिरते, तिच्यावर खुर्च्यांचे गट फिरतात आणि प्रत्येक खुर्ची पुन्हा स्वतःभोवती फिरते. या तीन गती एका दिशेला जुळल्या की बसलेल्या माणसाला बाहेर फेकणारा जोरदार हिसका बसतो. त्या हिसक्यात माणसाला धरून ठेवतो तो मांडीवरचा आडवा दांडा, आणि त्या दांड्याला धरून ठेवते बोटाएवढी एक पिन.

चौथ्या की पाचव्या फेरीला दांडा उघडला. पोरगी बाहेर फेकली गेली आणि पत्र्याच्या कठड्यावर उजवं कोपर आपटून पडली. मशीन थांबायला आणखी दोन फेऱ्या गेल्या. तिची आई ओरडत होती, मी कठडा ओलांडून आत गेलो. पोरीला उचलून गाडीत घातल्यावर मी परत येऊन ती खुर्ची पाहिली. पिन घरंगळून पडू नये म्हणून तिच्या टोकाला आरपार भोक असतं, त्या भोकात स्प्लिट पिन घालून तिचे पाय फाकवायचे असतात. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात आलेल्या हेल्परलाही हे शिकवतात. तिथे त्या भोकात बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती तार दोन वेढे देऊन पिळलेली होती, आणि ती तुटली होती. मी मोबाईलवर तीन फोटो काढले. आमच्या दाव्यात आज मुख्य पुरावा तेवढाच आहे.

मशीन चालवणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. घाबरून पांढरा पडला होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कुणीतरी तार बांधायला सांगितली, त्यानं बांधली.

पुतणीला सोलापूरला आणलं. कोपराच्या हाडाचे तुकडे झाले होते, ऑपरेशन करून प्लेट बसवली. हाड जुळलं, पण कोपराच्या मागून जी नस जाते ती दुखावली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे, मूठ पुरती वळत नाही. ती गणवेशाच्या कारखान्यात पीसवर काम करायची, शर्टाला कॉलर बसवायचं. सोलापुरातल्या लोकांना सांगायला नको, शाळा जूनमध्ये उघडतात म्हणून चैत्र-वैशाख हाच गणवेशाचा सीझन. तो सीझन पूर्ण गेला, आणि त्यानंतरचाही. कॉलर बसवताना कापड डाव्या हातानं पुढे सरकवून उजव्या हाताच्या बोटांनी गोलाई सांभाळावी लागते. ती मला म्हणाली, “काका, कापड बोटाखाली आहे की नाही तेच मला कळत नाही.” आता ती धागे तोडायचं काम करते. मजुरी निम्म्याहून कमी.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावला. वकील मिळायच्या आधी मीच कायदा वाचला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाची हद्द ठरते ती दिलेल्या किमतीवरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. तिकीट साठ रुपयांचं, म्हणजे जिल्हा आयोगातच दाद मागता येते आणि फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. जिथे आपण राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. हे इतकं नीट लिहिलेलं आहे म्हणून मला वाटलं, सोपं असेल.

पहिली अडचण तिकिटाची. पाळण्याच्या फाटकावर तिकीट परत घेतात. साठ रुपये दिल्याचा कसलाच कागद आमच्याकडे नव्हता. मैत्रिणीनं खुर्चीत बसल्यावर काढलेला सेल्फी होता म्हणून निभावलं.

दुसरी अडचण मात्र अशी होती की अजून त्या रात्रीची आठवण झाली की मला झोप येत नाही. तासाभरात बाकीच्या खुर्च्या पुन्हा फिरायला लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जत्रा संपली, मशीन सुटलं, ट्रकवर चढलं आणि पुढच्या जत्रेला गेलं. पंचनामा झाला तो त्यानंतर. त्यात काय लिहिलं आहे? मैदानात लाकडी ठोकळ्यांचे चौकोनी खड्डे दिसले आणि काळं ऑइल सांडलेलं दिसलं. बस. खुर्ची नाही, दांडा नाही, पिन नाही. आता समोरच्या पक्षाचं लेखी म्हणणं असं आहे की पिन व्यवस्थित होती, मुलगी स्वतः दांडा उचलून उभी राहिली. ज्यानं पुरावा उचलून नेला, तोच विचारतो आहे की पुरावा कुठे आहे.

मी माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावला, महिन्याच्या आत उत्तर आलं. मशीन तपासल्याचा दाखला मिळाला, त्याबद्दल त्या कार्यालयाचे आभार. पण तो दाखला काय आहे ते ऐका. एक पान. त्यात एक वाक्य: जत्रेच्या ठिकाणची मनोरंजनाची यंत्रे सुस्थितीत आढळली. किती यंत्रे, कोणती यंत्रे, कुणाच्या मालकीची, काही नाही. खाली सही आहे, सहीखाली नाव नाही. आणि तारीख अशी आहे की त्या दिवशी सगळे पाळणे ट्रकवरच होते. गावातले चार जण हे शपथेवर सांगायला तयार आहेत, कारण त्या दिवशी मैदानात कुस्तीचा आखाडा खणायचं काम तेच करत होते.

माझं सगळं म्हणणं या एका कागदाभोवती आहे. सही करणारा वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही. त्याच्यावर एका आठवड्यात पाच जत्रांचे कागद आले असतील. पण पाळणा हे सोडून पुन्हा जोडायचं मशीन आहे. कारखान्यातला माग एकदा बसवला की वर्षानुवर्षं तिथेच असतो. पाळणा वर्षातून कितीतरी वेळा खोलला जातो, आणि दर वेळी प्रत्येक पिन, प्रत्येक बोल्ट नव्यानं कुणाच्या तरी हातून बसतो. म्हणून ट्रकवरच्या लोखंडाच्या तपासणीला काडीचाही अर्थ नाही. तपासणी करायची तर जोडून झाल्यावरच, आणि ती दर जत्रेत नव्यानं.

गिरणीत माल वर चढवायला लिफ्ट होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २८ प्रमाणे दर सहा महिन्यांनी ती सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावी लागायची. तो माणूस यायचा तेव्हा आमचे साहेबसुद्धा जरा दबून असायचे. दोर हातात घेऊन बघायचा, ब्रेक लावून बघायचा, दाराचं कुलूप लागल्याशिवाय लिफ्ट हलते का ते बघायचा आणि मग रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावानं लिहायचा. इमारतीतल्या लिफ्टसाठी तर आपल्याकडे १९३९ पासून कायदा आहे. ज्या ट्रकमधून पाळणा येतो त्या ट्रकला आरटीओचं पासिंग लागतं, विमा लागतो. त्या ट्रकनं कुणाला धडक दिली तर मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि विमा कंपनी पैसे भरते. तोच ट्रक रिकामा झाला, त्यातलं लोखंड उभं राहून पन्नास पोरांना हवेत फिरवायला लागलं, की विमा आहे का असं आमच्या जत्रेत कुणी विचारलंच नव्हतं. मी कमिटीला विचारलं, त्यांनी पाळणेवाल्याकडे बोट दाखवलं. पाळणेवाल्यानं फोन बंद केला.

माझ्या पुतणीचं कोपर गेलं, जीव वाचला. सगळीकडे तसं होत नाही. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झोक्यासारख्या राइडचा मुख्य दांडा मोडला, दोन जण गेले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या दसरा मैदानावर, जत्रेतच, वर चढलेला पाळणा सुमारे पन्नास फुटांवरून माणसांसकट खाली आदळला. राजकोटच्या गेम झोनची आग २५ मे २०२४ ची, सत्तावीस माणसं जळाली. ती पाळण्याची घटना नव्हे, पण त्यानंतर गुजरात सरकारनं राइड आणि गेम झोनसाठी वेगळे नियम काढले. आपण आपल्या जिल्ह्यात कुणी जायची वाट बघू नये, एवढंच माझं मागणं आहे. भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस १५४७५. ते तुमच्या परवानगीच्या अटींत एका ओळीनं घालता येईल.

मोडलेला दांडा अचानक मोडत नसतो. वेल्डिंग जिथे संपतं त्या कडेला केसाएवढी चीर पडते, प्रत्येक फेरीला थोडी वाढते, आणि एक दिवस उरलेलं लोखंड भार घेत नाही. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण दाखवता येते. जागा घासून साफ करायची, लाल डायचा स्प्रे मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. दोन्ही डबे बाजारात मिळतात. मात्र त्यासाठी रंग खरवडावा लागतो, आणि जत्रेआधी पाळण्याला पहिली गोष्ट होते ती रंगरंगोटीच. लोकांना चकचकीत पाळणा बघून बरं वाटतं. मला ताजा रंग दिसला की धास्ती वाटते.

आता समोरच्या पक्षांनी आणखी काय म्हटलं आहे ते सांगतो, कारण उद्या तुमच्यावर वेळ आली तर तुमचेही वकील हेच लिहितील. पाळणेवाला म्हणतो, तिथे पाटी होती: स्वतःच्या जबाबदारीवर बसावे. पाटी होती हे खरं आहे. चक्कर येईल, पोटात गोळा येईल, एवढी जबाबदारी बसणारा घेतो. पिनेच्या भोकात तार आहे की स्प्लिट पिन, हे तिकीट काढणाऱ्याला दिसतच नाही, तर त्याची जबाबदारी त्यानं कशी घ्यायची? दिल्लीत चांदणी चौकातला घंटाघर १९५० च्या सुमारास कोसळून खालून जाणारी माणसं मेली, तेव्हा तिथली नगर संस्थाही म्हणाली होती की दोष आतला होता, आम्हाला दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये ते मानलं नाही. वास्तू तुमच्या ताब्यात आहे, तर तपासत राहणं तुमचं काम, असा तो निकाल.

कमिटी म्हणते, आम्ही फक्त जागा भाड्यानं दिली. कमिटीतली माणसं ओळखीची आहेत, देवाचं काम मनापासून करतात, म्हणून हे लिहिताना मला जड जातं. पण मेरठचा निकाल त्यांनी एकदा वाचावा. १० एप्रिल २००६ ला तिथल्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या प्रदर्शनाच्या मंडपाला आग लागून ६५ जण गेले. आयोजक म्हणाले, मंडप ठेकेदाराचा, जबाबदारी त्याची. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लोक आयोजकांच्या बोलावण्यावरून आले होते, ठेकेदाराशी त्यांचा संबंध नव्हता. भरपाईचा ६० टक्के वाटा आयोजकांवर टाकला आणि ४० टक्के राज्य सरकारवर. म्हणजे या पत्राच्या वर ज्या दोघांना मी ‘प्रति’ लिहिलं आहे त्या दोघांवर.

आणि पैशाचा प्रश्न. पुतणीला विचारलं गेलं, पगाराची स्लिप आहे का? पीसवर काम करणाऱ्या बाईकडे स्लिप कुठून येणार? तिच्याकडे वही आहे, रोज किती कॉलर बसवल्या त्याची, पेन्सिलीनं लिहिलेली. वही बघून ती पहिल्यांदा रडली. अपंगत्वाच्या दाखल्यावर जे टक्के आहेत तेवढंच नुकसान धरा, असंही समोरून म्हणणं आहे. याचंही उत्तर सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या खटल्यात देऊन ठेवलं आहे. शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचे वेगळे. डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, कारकुनाची नोकरी राहू शकते. हे वाचून दाखवलं तेव्हा पुतणी म्हणाली, “म्हणजे कुणीतरी आधी विचार केलाय तर.” तिला त्याचाच आधार वाटला. पैसे मिळायचे तेव्हा मिळतील.

तुमच्याकडून मला काय हवं ते एका पानात मावतं. पाळणा जोडून पूर्ण झाल्यावर, रिकामा चालवून आणि मग वाळूची पोती ठेवून चालवून बघितल्यावर, मशीनगणिक वेगळा दाखला द्या. त्यावर मशीनचा नंबर, मालकाचं नाव, विम्याचा नंबर, एका वेळी किती माणसं, किती उंचीच्या खालच्या मुलाला बसवायचं नाही, तपासणाऱ्याचं पूर्ण नाव आणि तारीख. तो दाखला फाइलमध्ये ठेवू नका. तिकीट खिडकीवर, वाचता येईल अशा अक्षरात लावा; आपल्या सोलापुरात तो मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही लावावा लागेल. दाखला नाही तर तिकीट विक्री नाही. तिकिटाचा अर्धा भाग बसणाऱ्याच्या हातात राहू द्या. आणि अपघात झाला तर ते मशीन जागचं हलू देऊ नका. जाणकारानं पाहून, फोटो काढून, पिन-बोल्ट सील करून झाल्याशिवाय त्याचा एक नटसुद्धा सुटता कामा नये. ही शेवटची अट आमच्या वेळी असती तर माझी पुतणी आज ‘तू उभी राहिलीस का’ या प्रश्नाला उत्तर देत बसली नसती.

मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं, एवढी माणसं कुठून आणायची? त्यांचा प्रश्न खरा आहे. पण आपल्या शहरात वालचंद इन्स्टिट्यूट आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथे मेकॅनिकलचे प्राध्यापक आहेत. तपासणीची फी पाळणेवाल्याकडून घ्या. घाईचं कारण तर अजिबात चालणार नाही. संक्रांत कधी, चैत्री कधी, कुठल्या गावची जत्रा कुठल्या तिथीला, हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. जत्रेच्या दोन दिवस आधी मैदान पाळणेवाल्याच्या ताब्यात आणि एक दिवस आधी तपासनिसाच्या ताब्यात, एवढं वेळापत्रक कुठलीही कमिटी पाळू शकते. पंगतीचं सामान ती त्याहून आधी आणते.

तोवर जे लोक जत्रेला जाणार आहेत त्यांनी बसायच्या आधी दांडा स्वतः हलवून बघा, तार दिसली तर उतरा, पैसे गेले तर जाऊ द्या. लांब केस आणि ओढणी बांधून घ्या. आणि देव न करो, पण काही झालंच तर दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद, करायला सांगा आणि मशीन सुटायच्या आत फोटो काढा.

मी निवृत्त आहे, वेळ आहे. जिल्ह्यातल्या ज्या कमिटीला हवं असेल तिथे टॉर्च, हातोडी आणि डायचे दोन डबे घेऊन मी स्वखर्चानं येईन आणि तपासनिसाबरोबर प्रत्येक खुर्ची हलवून बघेन. सही मात्र त्यांचीच लागेल, पूर्ण नावानिशी.

पुतणी यंदा अक्षता सोहळ्याला येते म्हणाली आहे. पाळण्यांच्या बाजूला यायचं नाही असं तिनं आधीच सांगितलंय. नातवाला मात्र आकाशपाळण्यात बसायचं आहे आणि मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. खिडकीवर काय लावलंय ते बघून सांगेन.

आपला,
एक निवृत्त फिटर
सोलापूर